शिंदे सरांच्या नोट्स मँचेस्टरला जातात

"अबे सुध्या, खाली ये! हे लोक तुले हाकलून राहिले बे!"

संदीप रामटेके जिन्याखाली उभा राहून ओरडत होता. मँचेस्टरमधल्या आमच्या त्या भाड्याच्या घराच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की डावीकडच्या आजीबाईंनी पेपरचं पान उलटलं तर उजवीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. त्यामुळे मला हाकलताहेत ही बातमी माझ्याआधी अर्ध्या गल्लीला कळली असणार. मी दात घासत होतो. ब्रश तोंडात धरून तसाच निघालो आणि शेवटच्या चार पायऱ्या बसल्याबसल्याच उतरलो, कारण इंग्रज माणूस जिन्यालाही गालिचा घालतो आणि त्यावरून पाहुणे घसरले, की 'सॉरी' म्हणतो.

संदीप नागपूरचा. रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होता, तीन वर्षं तिथल्या पावसात मुरलेला. घरातला वडीलधारा म्हणून आलेलं प्रत्येक पत्र, मग ते कुणाच्याही नावाचं असो, फोडून वाचायचा हक्क त्यानं स्वतःकडे ठेवला होता. या वेळचं पत्र माझ्या विभागाकडून होतं. मजकूर असा, की माझ्या पहिल्या निबंधातल्या काही भागाबद्दल विभागाला थोडीशी चिंता वाटते; गुरुवारी सकाळी दहाला मी भेटायला आलो तर ते आभारी राहतील; आणि सोबत एखादा मित्र आणायचा असल्यास अवश्य आणावा.

मी म्हटलं, दादा, यात हाकलण्याचं कुठं आहे? बिचारे आभारी राहतो म्हणताहेत.

संदीपनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि त्या इंग्रजीचं इंग्रजी सांगितलं. "थोडीशी चिंता म्हंजे गळ्यात दोरी. आभारी राहू म्हंजे, नाही आला तर घरून उचलून नेऊ. अन् मित्र आणा म्हंजे, प्रेत न्यायले कोणीतरी लागते."

तो दिवस होता माझ्या परदेशगमनाचा अकरावा. आमच्याकडे अकरावा दिवस कशाचा असतो ते वाचकांना सांगायला नको.

आता मला हाकलण्यानं काय झालं असतं ते ऐका. कराडला आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. आठ फूट बाय बारा फूट. मित्रपरिवारानं माझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला खालून कोट-टाय चिकटवला होता आणि मागे लंडनचं मोठं घड्याळ उभं केलं होतं, मी मँचेस्टरला जातोय हे दहा वेळा सांगूनसुद्धा. त्यांचं म्हणणं, मँचेस्टरचं कुणी ओळखेल असं काहीच नाही. 'उच्चशिक्षणासाठी इंग्लंडला रवाना' असं खाली लिहिलेलं. गावात फ्लेक्स लावायला एक तास लागतो, उतरवायला मात्र पुढच्या कुणाचा तरी वाढदिवस यावा लागतो. म्हणजे मी पुढच्या सोमवारी एसटीतून बॅग घेऊन उतरलो असतो, तर माझं स्वागत करायला मीच वर टाय लावून उभा असणार होतो. वडिलांनी या मुलासाठी पंचक्रोशीतल्या सगळ्या नातेवाइकांशी तोंड भरून बोलून ठेवलं होतं. तोंड परत आत कसं घेणार?

पण हे सगळं झालं कशामुळे? ते समजायला अकरा दिवस मागं जायला हवं.

शनिवार, उतरलो तो

आईनं बॅग भरली होती आणि मी ती रात्रीतून पुन्हा भरली होती. आईनं घातलेला लोकरी कोट काढून त्या जागी मी शिंदे सरांच्या नोट्सच्या पाच दोनशेपानी वह्या बसवल्या. प्रा. शिंदे म्हणजे आमच्या कॉलेजचा अर्थशास्त्र विभाग. विभागात आणखी दोन माणसं होती, पण एक कायम निवडणुकीच्या ड्यूटीवर आणि दुसरे कायम रजेवर. सरांची पद्धत सोपी. वर्गात यायचं, पंखा बंद करायचा म्हणजे आवाज पोचतो, डोळे मिटायचे, आणि इंग्रजीतून सांगत सुटायचं: कॉमा, फुलस्टॉप, नेक्स्ट पॅरा. आम्ही उतरून घ्यायचं, पाठ करायचं, परीक्षेत जसंच्या तसं उतरवायचं. वीस वर्षं हा कारखाना एका दिवसाच्याही खंडाशिवाय चालू होता. कराडात आजही तुम्ही एखाद्या बँकेतल्या साहेबाला झोपेतून उठवून 'लहान उत्पादक एकत्र का येतात' असं विचारा. तो कूस न बदलता सात मुद्दे सांगेल आणि शेवटी फुलस्टॉप म्हणून पुन्हा घोरायला लागेल.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं बॅग उघडली, वह्या काढल्या, लाल शाईतले मथळे, निळ्या शाईतला मजकूर आणि हिरव्या शाईतल्या अधोरेषा बघितल्या, आणि मला विचारलं की हे धार्मिक ग्रंथ आहेत का. मी हो म्हटलं. खोटं बोललो नाही.

बाहेर संदीप माझ्या नावाचा कागद धरून उभा होता. माझ्या मावसभावाच्या नागपूरच्या मित्राचा हा मित्र. मराठी माणूस परदेशात या एवढ्या नात्यावर सख्ख्या भावासारखा येतो आणि पहिल्या मिनिटाला झापायला लागतो. त्यानं फोनवर कुणाला तरी 'जय भीम' केलं, पार्सल मिळालं म्हणून कळवलं, आणि माझ्या सुती शर्टाकडे पाहून विचारलं, "कोट कुठाय बे तुझा?"

कोट कराडला राहिला आणि त्याच्या जागी वह्या आल्या हे सांगितल्यावर त्यानं स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं आणि घर येईपर्यंत कुडकुडत मला शिव्या घातल्या. सप्टेंबर महिना होता. तिथले लोक सांगत होते की उन्हाळा संपला. तो सुरू केव्हा झाला होता हे मात्र एकालाही आठवत नव्हतं.

घरात तिसरा भाडेकरू गॅरेथ, वेल्सचा, साडेसहा फूट. डब्यातले गोड घेवडे भाजलेल्या ब्रेडवर ओतून दोन्ही वेळा खायचा आणि त्याला जेवण म्हणायचा. त्या रात्री माझ्या सन्मानार्थ संदीपनं सावजी मसाल्यातली कोंबडी केली. गॅरेथनं चाखली. त्याचा रंग गुलाबीचा लाल झाला, लालचा जांभळा, कान तर स्वतंत्रपणे पेटले. डोळ्यांतून धारा लागल्या असताना तो म्हणाला की फारच छान आहे, जराशी ऊबदार आहे. मग पुढचे दोन दिवस बाथरूम त्याच्याच ताब्यात होतं. हा तिकडचा सभ्यपणा मी तेव्हाच नीट पाहून ठेवायला हवा होता. 'जराशी ऊबदार' म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्याला 'थोडीशी चिंता' वेगळी समजवावी लागत नाही.

रविवार

ट्रामनं शहर पाहायला गेलो. ट्राम भरलेली आणि आत चिडीचूप. आपल्याकडे मयतालाही याहून जास्त बोलतात. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. कराडहून एसटीत बसलं तर पुढचं मसूर गाव येईपर्यंत शेजाऱ्याची जमीन किती, मुलगा काय करतो, आणि सून कशी आहे हे सगळं कळलेलं असतं. म्हणून मी माणुसकीनं विचारलं की मुलं किती. आजोबा खिडकीबाहेर पाहून म्हणाले की ढग आलेत. मी विचारलं मुलं जवळ असतात का. ते म्हणाले, पण बहुतेक पडायचा नाही. बावीस मिनिटं आम्ही दोघं असे बोललो. मी कुटुंबावर, ते हवामानावर. उतरताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले की फार छान गप्पा झाल्या. खरं सांगतो, त्या माणसाचे डोळे पाणावले होते. बहुधा कित्येक वर्षांत इतकं मनमोकळं कुणाशी बोलले नसावेत.

तिथून विद्यापीठाची लायब्ररी बघायला गेलो. कराडला आमच्या लायब्ररीत विद्यार्थ्यानं पुस्तकाला हात लावायचा नसतो. जाळीच्या खिडकीत चिठ्ठी द्यायची. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी परत येते, वर 'नाही' असा शेरा. पुस्तकं काचेच्या कपाटांत, कपाटांना कुलपं, आणि किल्ल्या अशा माणसाकडे ज्याचं अस्तित्व आम्ही केवळ श्रद्धेनं मानायचो. इथे एवढं मोठं पाच मजली भांडार, आणि कुणीही आत शिरून कुठलंही पुस्तक उचलतंय! मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं की चिठ्ठी कुठे द्यायची. त्या म्हणाल्या, कसली चिठ्ठी, हवं ते घ्या. मला हा सापळा वाटला. अर्थशास्त्राच्या मजल्यावर पाऊण तास हात मागे बांधून फिरलो, देवळात प्रदक्षिणा घालतात तसा, आणि एकही पुस्तक न घेता बाहेर आलो. कशाला घ्यायचं? पाच वह्या घरी होत्या की.

सोमवार आणि पुढे

पहिला तास जीनबाईंचा. त्यांचं आडनाव सांगत नाही, कारण त्यांनीही सांगितलं नाही. वर्गात आल्या त्या सायकलचं हेल्मेट घालून. टेबलावर चढून बसल्या, पाय हलवत, आणि म्हणाल्या की मला फक्त जीन म्हणा. पंचावन्न-साठीची बाई, प्रोफेसर, आणि नुसतं जीन! माझी जीभ रेटेना. कराडला शिंदे सरांना नुसतं 'शिंदे' म्हणणारा एकच माणूस झाला, त्याला लोकांनी पुढे पंचायत समितीवर निवडून दिलं. मी मधला मार्ग काढला आणि त्यांना 'जीन मॅडम' म्हटलं, मनात 'जीनबाई'.

माझी वही उघडी, लाल पेनानं समास आखलेला, निळं पेन हातात. जीनबाई काही सांगेनात. शेजारी एक मुलगा सँडविच खात होता, एकीनं पाय पुढच्या खुर्चीवर टाकले होते. मध्येच कुणी तरी प्रश्न विचारला आणि बाई चक्क म्हणाल्या की मला माहीत नाही. एवढा पगार घेऊन! आमच्या सरांना माहीत नाही असं जगात काही नव्हतं. जे नव्हतं ते अभ्यासक्रमात नव्हतं.

मग बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, तुला काय वाटतं?

वाचकहो, माझं वय तेव्हा बावीस. एवढ्या काळात मला पालथं घालून, उभं करून, बाकावर चढवून नाना प्रश्न विचारले गेले होते, पण मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी सुद्धा आईलाच विचारायचं, याला काय होतंय. मी उभा राहिलो आणि मॅडम, सिलॅबसमध्ये आहे तेच वाटतं, असं सांगितलं. वर्ग हसला. मला वाटलं मी मैदान मारलं.

त्याच तासाला पहिला निबंध मिळाला: लहान उत्पादक एकत्र का येतात? शुक्रवारपर्यंत द्या, छोटासा, फक्त तुमची ओळख व्हावी म्हणून, हातानं लिहिला तरी चालेल.

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. हा तर शिंदे सरांचा चौथा प्रश्न! हमखास! सर म्हणायचे, चौथा पाठ असेल तर बाकीचा पेपर देवावर सोडा. बाकीची पोरं लायब्ररीत रात्री जागवत होती. मी त्याच दुपारी खोलीत बसलो आणि एकदाही पेन न उचलता पन्नास मिनिटांत सहा पानं लिहून काढली. दोन्ही बाजूंना समास, मुद्द्यांना हिरवी रेघ, आणि कडेला आमच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पानं दोऱ्यानं बांधली. गॅरेथनं तो दोरा बघून विचारलं की ही भेट आहे का. मी म्हटलं, तसंच समज.

पुढच्या मंगळवारी ते पत्र आलं.

बुधवार

संदीपनं माझी वही आणि निबंध शेजारीशेजारी ठेवून पाहिलं. मग म्हणाला की त्याच्याही कॉलेजात असंच चालायचं, आणि इथे आल्यावर स्वतःचं पहिलं वाक्य लिहायला त्याला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत त्याचं दहा किलो वजन उतरलं. मागच्या वर्षी त्याच्या ओळखीतल्या एका मुलानं असाच उतारा टाकला होता आणि तो आता इंदूरला मोबाइलचं दुकान चालवतो. "तू उद्या भांडू नको. हात जोड, सॉरी म्हण, खाली पाह्य. या लोकायले सॉरी फार आवडते."

मी म्हटलं, चोरी मी केलेलीच नाही तर सॉरी कशाचं? मला पाठ आहे. पाठ असणं गुन्हा कधीपासून झाला?

संदीपनं कपाळावर हात मारला आणि आपला एकुलता एक ब्लेझर इस्त्री करायला घेतला, कारण मित्र म्हणून सोबत तोच येणार होता.

गुरुवार, दहा वाजता

मी फाशीची तयारी ठेवून गेलो होतो, आणि समोर चहा आणि बिस्किटं. गोल टेबल. विभागप्रमुख, कोपरावर भोक पडलेलं स्वेटर घातलेले, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. जीनबाई. आणि टिपणं घ्यायला पॅट नावाच्या एक बाई, ज्या दर दोन मिनिटांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत होत्या. मी पाचही वह्या मांडीवर धरून बसलो.

प्रमुखांनी विचारलं हा निबंध माझा आहे का. मी हो म्हटलं. सगळा? सगळा, कॉमासकट.

मग जीनबाईंनी एक जुनं पुस्तक काढून माझ्यापुढे उघडं ठेवलं आणि वाचायला सांगितलं. वाचलं आणि माझ्या पायांखालची जमीन नुसती सरकली नाही, पार लिव्हरपूलला गेली. चौथा प्रश्न! शब्दन् शब्द. सातही मुद्दे, त्याच क्रमानं. पुस्तकावर नाव जीनबाईंचं.

इथे एखाद्या शहाण्या माणसानं मान खाली घातली असती. माझ्या डोक्यात मात्र पहिला विचार हा आला, की चोर सापडला. मी भर सभेत, चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं की खेद वाटतो, पण मॅडमनी शिंदे सरांचं चोरलं आहे.

टेबलाखालून संदीपची लाथ आली. पॅटबाईंचं पेन थांबलं. जीनबाईंनी शांतपणे विचारलं, शिंदे कोण?

मग मी सुटलो. शिंदे सर कोण, वीस वर्षं काय सांगतात, कराडातल्या किती बँका त्यांच्या नोट्सवर चालतात, सगळं. प्रमुखांनी फार अदबीनं विचारलं की प्राध्यापक शिंदे यांनी हे प्रसिद्ध कुठे केलं. मी म्हटलं, वर्गात. जीनबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून छपाईचं साल दाखवलं. मी जन्मलो नव्हतो हे सोडा, त्या साली खुद्द शिंदे सर मिसरूड फुटलेले विद्यार्थी असणार.

चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे आला, वाऱ्यानं फडफडणारा.

प्रमुख म्हणाले, म्हणजे तुम्ही या वह्यांमधून उतरवलंत. मी म्हटलं, नाही सर, वह्या कपाटात होत्या, मला पाठ आहे. ते हसले, खूप मऊ. म्हणाले, सहा पानं? मी म्हटलं, पाच वह्या.

त्यांचा विश्वास बसला नाही हे त्यांच्या भुवयांवरून दिसलं. जीनबाई मात्र पुस्तक स्वतःकडे ओढून घेऊन म्हणाल्या, "म्हणून दाखव."

वह्या संदीपच्या मांडीवर ठेवून मी उठलो. हात मागे बांधले, डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी मला येत नाही. आणि सुरू केलं, सरांच्या चालीत, कॉमा, फुलस्टॉप, नेक्स्ट पॅरा. जीनबाईंचं बोट ओळीखालून सरकत होतं. त्याचा कागदावरचा आवाज मला ऐकू येत होता. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. संदीपनं नंतर सांगितलं की पॅटबाई लिहायच्या थांबल्या होत्या आणि प्रमुखांच्या बिस्किटाचा बुडवलेला अर्धा भाग तुटून चहात पडला तरी त्यांना पत्ता नव्हता. तिसऱ्या पानावर मी रंगात आलो. आणि बोट थांबलं.

"थांब. हे माझं नाही."

डोळे उघडले. कराडात एक शब्द चुकला की पूर्ण प्रश्न पुन्हा दहा वेळा लिहायचा असे. मी मागचं वाक्य घेऊन पुन्हा चढ घेतला आणि पुन्हा तेच वाक्य आलं: लहान शेतकरी संस्थेत विश्वास आहे म्हणून येत नाही कॉमा काट्याजवळ उभं राहता यावं म्हणून येतो फुलस्टॉप.

जीनबाईंनी पान मागे-पुढे केलं. नाहीच. म्हणाल्या, निबंध माझाच आहे हे कळल्यावर पुढचा मी नुसता चाळला होता; पण मी इथे विश्वासावरून थेट करारावर उडी मारली आहे. इथे खड्डा आहे हे मला छापून आल्यापासून माहीत आहे. मग विचारलं, काटा म्हणजे काय.

आता हे मात्र नोट्समध्ये नव्हतं. त्यामुळे मला बिनकॉमाचं बोलावं लागलं. साखर कारखान्याच्या दारातला वजनकाटा सांगितला. उसाच्या गाड्यांची रांग, रांगेत वाळत जाणारा ऊस, वाळलेल्या उसाचं घटत जाणारं वजन. सभासद असलेला माणूस काट्यावरच्या माणसाला नावानं हाक मारू शकतो, आणि नसलेला बैलाशी बोलत उभा राहतो. आमच्या आजोबांनी सभासद व्हायला किती वर्षं काढली ते सांगितलं. माझं इंग्रजी त्यात तीनदा पडलं आणि उठलं.

जीनबाईंनी पेन्सिल काढली आणि स्वतःच्याच पुस्तकाच्या समासात ते वाक्य लिहून घेतलं. खाली लिहायला म्हणून विचारलं की हे कुणाचं.

मी म्हटलं, सरांचं असेल.

"असेल?"

मी म्हटलं, मॅडम, सर सांगतात, आम्ही घेतो. कुठलं कुणाचं हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी सरांचं पहिलं नाव विचारलं. तीन वर्षं मी त्या माणसाचा आवाज मेंदूत घेऊन फिरत होतो आणि मला नाव ठाऊक नव्हतं. दारावरची पाटी आठवून आर. एम. शिंदे, कराड, एवढं सांगितलं. त्यांनी तेवढंच लिहिलं.

आम्हाला बाहेर बसवलं. संदीप ब्लेझरचं बटण पिरगाळत बसला होता, ते शेवटी तुटून हातात आलं. सात मिनिटांनी आत बोलावून निकाल सांगितला: निबंधाला शून्य. ताकीद, लेखी. सोमवारपर्यंत तोच निबंध नव्यानं लिहायचा, स्वतःच्या शब्दांत, आणि जे ज्याचं त्याच्या नावावर. काट्याचं वाक्य कुणाचं ते खात्री करून सांगायचं, आणि ते मला पटतं का, पटत असेल तर का, नसेल तर का, तेही लिहायचं.

म्हणजे फाशी माफ, त्याऐवजी मत. बाहेर आल्यावर संदीप म्हणाला, "फ्लेक्स वाचला बे तुझा." मला मात्र सोमवारचीच धडकी भरली होती. हाकलून दिलं असतं तर निदान काही वाटून घ्यावं लागलं नसतं.

गुरुवार, दुपार

विद्यापीठाच्या दाराशी टेलिफोनची लाल पेटी होती. फोनचं कार्ड खरवडून त्याचा तो वीत-दीड वीत लांब आकडा दाबला आणि कराड लावलं. तिकडे संध्याकाळ होत आलेली. सरांच्या पत्नीनं उचलला, इंग्लंडहून म्हटल्यावर त्यांनी घाईघाईनं सरांना बोलावलं. मी सगळं सांगितलं, पत्रापासून पाठांतरापर्यंत. घाबरत घाबरतच विचारलं की नोट्स त्या पुस्तकातल्या आहेत हे सरांना ठाऊक होतं का.

सरांना त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. पुस्तक कपाटातच आहे म्हणाले, किल्ली स्वतः सरांकडेच असते. सबंध जिल्ह्यात ती एकच प्रत होती, मुलं दर वर्षाला साठ, आणि झेरॉक्सचं मशीन गावात फार उशिरा आलं. एकेकाला पुस्तक दिलं असतं तर शेवटच्या मुलाचा नंबर लागेपर्यंत पहिला निवृत्त झाला असता. म्हणून सांगत गेले. बाईंना माझा नमस्कार सांग, फार चांगलं पुस्तक आहे, असंही म्हणाले.

मग मी काट्याच्या वाक्याचं सांगितलं. ते पुस्तकात नाही, बाईंनी पेन्सिलनं समासात उतरून घेतलं, खाली तुमचं नाव घातलं, आणि मला सोमवारी त्यावर लिहायचं आहे. विचारलं, "सर, ते तुमचं आहे का?"

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी.

"हो," सर म्हणाले. "ते परीक्षेला येत नाही."